मंग डबा कोन खाते?

लहान मुलीला खरं सांगणं हा गुन्हा आहे का?

घाईने उत्तर देऊ नका. एके काळी मी घाईनेच दिलं होतं — नाही, म्हणून. खरं सांगणं हा गुन्हा कसा असेल? खोट्यावर वाढलेली मुलं मोठी झाली की खोट्यालाच डोक्यावर घेतात, असं मी व्यासपीठावरून ठणकावून सांगायचे. टाळ्या पडायच्या. आज तोच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे आणि मला टाळ्या नको आहेत.

जे सांगणार आहे ते मी कितीतरी वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते. मागच्या रविवारी एका माणसाला सांगितलं. दुसरे तुम्ही. यातली नावं मी बदलली आहेत. माझं वागणं बदललेलं नाही.

आमचं घर वर्ध्यात, आणि ते घर पत्रकांचं. माझे वडील सायकलला दोन पिशव्या अडकवून गावोगाव पत्रकं वाटायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, नळाला न येणाऱ्या पाण्याविरुद्ध — जिथे अन्याय तिथे बाबांचं पत्रक. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. पुढच्या बाजूला 'जागे व्हा', मागे माझे बे एके बे. बाबा चांगले होते. खरे होते. पण त्या कामाची एक रीत असते, ती मी त्यांच्यामागे कॅरियरवर बसून शिकले. पत्रक हातात द्यायचं आणि पॅडल मारायचं. घेणाऱ्याने ते वाचलं, फाडलं, की वाचून तो मटकन खाली बसला — हे बघायला पत्रक वाटणारा थांबत नाही. त्याला पुढचं गाव असतं.

मी लिहायला लागले तेही तसंच. माझ्या कथांतली माणसं एकमेकांना पत्रकं वाचून दाखवायची. गावात आमची एक लिहिणाऱ्यांची बैठक होती, त्यात एक निवृत्त सर होते. एका दिवाळी अंकाने 'हरवलेलं बालपण' या विषयावर कथा मागवल्या होत्या. मी लिहिलेली कथा बैठकीत वाचली. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "पोरी, तुही कथेतली पोरगी पत्रक बोलून राह्यली. लेकराचा चेहरा पडते ना, तवा कसा पडते — पाह्यला का तू कधी?"

सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. मी किती पुस्तकं वाचली होती या विषयावर! सगळ्यांत एक अर्धवट उघडं दार असतं. मूल त्या फटीतून आत बघतं, काहीतरी कळू नये ते त्याला कळतं, आणि त्याचं बालपण संपतं. लेखक हळहळतो. वाचक हळहळतो. मीही हळहळले होते, पेन्सिलने खुणा करत. पण ते दार कोणी उघडं ठेवलं, हे कुठल्या पुस्तकात मी विचारलं? निरागसता हरवते, म्हणतो आपण — जत्रेत रुमाल हरवावा तशी. जणू तिला कुणी हात लावलाच नव्हता.

— मी पुन्हा भाषण करते आहे. मुद्द्यावर यायचं टाळते आहे. येते.

माझा मामेभाऊ विनूदादा वर्ध्यात एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. राहतो नालवाडीला. त्या वर्षी त्याची बायको, आमची रंजूवहिनी, किडनीच्या दुखण्याने सावंगीच्या दवाखान्यात होती. त्यांची एकुलती मुलगी पहिलीत होती. अखंड बडबड करायची म्हणून तिला सगळे मिठू म्हणायचे. आईचं दुखणं वाढलं तेव्हा मिठूला रोहणा गावी, आजी-आजोबांकडे, म्हणजे माझ्या मामा-मामीकडे ठेवलं. पोळ्याच्या आसपास वहिनी गेली. सगळं वर्ध्यातच उरकलं. मिठू रोहण्याला होती. तिला कुणी सांगितलं नाही.

विनूदादाने सगळ्यांना हात जोडले होते. "म्या सोता सांगीन. फक्त कोजागिरी होऊ द्या. तिची भुलाबाई होऊ द्या."

आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी. संध्याकाळी घरोघर गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खाऊ ओळखणं. घरची बाई झाकलेला डबा खुळखुळवते, मुली ओरडून ओरडून नावं घेतात. गोड का तिखट? वाजते का नाई वाजते? ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात ते वर्ष सण नसतो. पण भुलाबाई बसवली नाही तर मिठू विचारणार होती, काऊन नाई बसवली? म्हणून मामीने सुनेच्या दुःखात, स्वतःच्या हाताने कोनाडा सारवून भुलाबाई बसवली. गल्लीतल्या एकाही बाईने भुवई वर केली नाही. ज्या बाया चुलीतला विस्तव विझला तरी गावभर सांगतात, त्या बायांनी महिनाभर तोंडं शिवली. शेजारची कुसुमकाकू तर डबा खुळखुळवताना मुद्दाम मिठूच्या कानाशी न्यायची. "ओळख वो मिठाबाई, नाईतर आमचाच आम्ही खातो!"

मिठू रोज आपल्या वाट्यातला अर्धा खाऊ एका स्टीलच्या डब्यात ठेवायची. आईसाठी. विनूदादा मोटारसायकलवर यायचा तेव्हा डबा त्याच्या हाती द्यायची, आणि आधीचा परत घ्यायची. "आईनं खाल्ला?" "खाल्ला ना." "काय म्हने?" "म्हने, मिठूले सांगजो, लय मस्त झालता."

मी तेव्हा मामीच्या मदतीला रोहण्याला गेले होते. सोयाबीन कापणीला आलं होतं, घरात हात कमी होते. पण माझ्या पिशवीत त्या कथेचे कागदही होते. मी दारात उभी राहून डब्यांची ही देवाणघेवाण बघायचे आणि माझ्या आत दोन गोष्टी एकदम उसळायच्या. एक संताप — एवढी मोठी माणसं मिळून एका मुलीला फसवत आहेत! आणि दुसरी — दुसरीला मी तेव्हा नाव दिलं नाही. आज देते. भूक. मला तो चेहरा बघायचा होता.

संताप खोटा होता असं म्हणू का? नव्हता. म्हणूनच तो कामाला आला. तत्त्व हातात असलं की माणूस आरशात बघत नाही.

भुलाबाईला झेंडूची फुलं आणायला मी मिठूला घेऊन शेताकडे गेले. दुपार उतरली होती. परतताना नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर आम्ही बसलो. ती पाय हलवत होती. आज कुसुमकाकूच्या डब्यात काय असेल, यावर तिचं चाललं होतं. आईला गुळपापडी आवडते, गुळपापडी निघाली तर ती स्वतः खाणारच नाही, सगळी ठेवणार.

मी म्हणाले, मिठू, तुझी आई दवाखान्यात नाही. ती वारली.

बोलून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. — हेच सांगायचं होतं मला. ही ओळ लिहायला इतकी वर्षं लागली. मी तिला जवळ घेतलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. पाहिलं. पाय हलायचे कधी थांबतात ते पाहिलं. ओठ कुठून सैल होतात ते पाहिलं. डोळे आधी माझ्यावर होते, मग नाल्याच्या पाण्यावर, मग हातातल्या फुलांवर — तो क्रम पाठ केला. घरी गेल्यावर विसरू नये म्हणून.

ती रडली नाही. खूप वेळाने तिने विचारलं, "मंग डबा कोन खाते?"

मला माहीत नव्हतं. आणि मला — हेही सांगते — मला त्या प्रश्नाने आनंद झाला. काय वाक्य होतं! ते कल्पनेने सुचणारच नव्हतं.

त्यानंतर मी काय म्हणाले असेन? सत्याची कैवारी मी, पत्रकांवर पाढे गिरवलेली मी? मी म्हणाले, "मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नको हं. बाबाला तर नाहीच."

एका लेकराला खरं सांगितलं आणि पुढच्याच दमात त्याला खोटं वागायला लावलं. तिने मान हलवली. फुलं सारखी केली. घरी आल्यावर तिने टिपऱ्या घेतल्या, गाण्यात उभी राहिली, खाऊ ओळखला. आणि आपला अर्धा वाटा डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशीही ठेवला. विनूदादा आला तेव्हा डबा दिला आणि विचारलं, "आईनं खाल्ला?" तो म्हणाला, "खाल्ला ना." मी ओसरीवर सोयाबीन निवडत होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिथे तरी मी उठायला हवं होतं ना? एवढंच म्हणायचं होतं, विनूदादा, तिला माहीत आहे, मी सांगितलं. दोन शिव्या बसल्या असत्या. मामीने घरातून काढलं असतं. पण त्या पोरीच्या पाठीवरचं ओझं उतरलं असतं. मी उठले नाही. मान खाली घालून खडे वेचत राहिले.

कोजागिरीला अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घातला, भुलाबाई त्यात ठेवली, मुली गाऊन दूध पिऊन गेल्या. मग विनूदादाने मिठूला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. मामी रडली, मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि मिठूने बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. पण नजर विचारत होती — बरोबर करून राह्यली ना मी?

त्या नजरेबद्दल मी कुठेही लिहिलं नाही. कथेत घेतलं ते पुलावरचं. चेहरा घेतला, पाय घेतले, तो प्रश्न घेतला. स्वतःला काढून टाकलं. माझ्या कथेत मुलीला वडिलांच्या गाडीच्या डिक्कीत बुरशी आलेला खाऊ सापडतो, आणि तिचं तिलाच कळतं. अर्धवट उघडं दार! कोणी उघडलं नाही, कोणी दोषी नाही. कथा छापून आली. लोकांनी फोन केले. सरांनी बैठकीत उभं राहून म्हटलं, "आता दिसला चेहरा." त्या कथेवर माझं नाव झालं. त्यानंतर मी या विषयावर बोलायला गावोगाव गेले. द्यायचं आणि पुढच्या गावाला निघायचं.

मिठू मोठी होत गेली. बडबड कमी झाली, पण सगळे म्हणायचे, आई नसलेली पोर, शहाणी झाली बिचारी. किती समजूतदार! कधी हट्ट नाही. चौथीत कुकर लावायला लागली. बापाचा डबा भरायला लागली. मामी सगळ्या नातेवाइकांत तिचं उदाहरण द्यायची आणि मी तिथे बसून चहा प्यायचे.

या उन्हाळ्यात वर्ध्याच्या एका वाचनालयात माझं भाषण होतं. विषय तोच, साहित्यातलं हरवलेलं बालपण. विनूदादा मिठूला घेऊन आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, पहिल्या रांगेत. भाषणानंतर लोक जमले. माझी कथा निघाली. एका बाईंनी विचारलं, ही मुलगी कुठे भेटली तुम्हाला? मी म्हणाले, कल्पना. तेव्हा विनूदादा पुढे झाला, मोठ्या अभिमानाने. "कथेतल्या बापाचं चुकलंच, मॅडम. आमच्या मिठूले म्या सोता सांगतलं होतं. मांडीवर घेऊन. लेकराले असं घरच्याच मानसानं सांगा लागते. हो का नाई गं?"

मिठू म्हणाली, "हो बाबा."

चपला घालताना ती माझ्याशेजारी आली. हळू आवाजात म्हणाली, "आत्या, खाऊ खराब नाई झालता. बाबा खात जात."

"तुला कसं माहीत?"

"म्या पाह्यलं ना. दोन्ही भरत जाओ. गोड उरत जाय, तिखट संपत जाय. आई तर तिखट खातच नोती." मग म्हणाली, "मंग मी तिखटच भरलं."

पहिलीतली मुलगी. गाणी म्हणत होती, टिपऱ्या खेळत होती, आणि मेलेल्या आईच्या नावाने बापाला आवडणारा चिवडा भरत होती. त्याला कळू न देता. एकटी. आणि माझी कथा म्हणे बालपणावर होती.

मी विचारलं, सांगू का बाबाला? तिने चपलेचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाली, "सांग ना. मले कटाळा आला आता."

मागच्या रविवारी मी नालवाडीला गेले. विनूदादा बाहेरच्या खोलीत होता. मिठू आत पोळ्या करत होती. मी सगळं सांगितलं. पूल, फुलं, मी कशाला पाहिलं ते. कुणाला सांगू नको म्हणाले तेही. या वेळी मी समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे बघून बोलले. तेवढंच जमलं.

तो म्हणाला, "टाकवत नोता तो डबा. वाटेत पुलगावच्या अलीकडं गाडी थांबवून खात जाओ. मधातच चिवडा येऊ लागला. मले वाटलं, घरात गूळ संपला असन." आणि मग त्याने विचारलं, "म्हंजे... तो माह्यासाठी होता?"

मी हो म्हणाले.

तो उठून आत गेला. मला त्याचा आवाज आला. "ठेव ते लाटनं. सरक." ती म्हणाली, "तुमाले येत नाई." तो म्हणाला, "नाई येत तं नाई येत. जाड खाऊ." लाटणं खाली पडल्याचा आवाज झाला. आणि मग ती रडली. कोजागिरीला रडली होती तशी नव्हे. हुंदके देत, पाय आपटत, शब्द फुटत नाही असं — सातवीतल्या मुलीच्या गळ्यातून पहिलीतलं रडणं.

मी चपला घालून निघाले. कुणी थांब म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

याने काही भरून आलं, असं मी म्हणत नाही. तिची ती सगळी वर्षं मी खाल्ली. त्यांवर माझं नाव छापलं. मला माफ करा, असंही म्हणत नाही. ते तुमचं काम नाही आणि माझा हक्क नाही.

एकच करा. तुमच्या घरात, गल्लीत, वर्गात एखादं मूल असेल — फार समजूतदार, कधी हट्ट न करणारं, मोठ्यांसारखं वागणारं. ज्याचं सगळे कौतुक करतात असं. आज त्याचं कौतुक करू नका. त्याच्या हातातलं काम काढून घ्या आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारा, तू कुणापासून काय लपवतो आहेस? ते काही नाही म्हणेल. तरी बसा. तुम्हाला दुसरी कामं असतील, पुढचं गाव असेल.

ते बोलेपर्यंत उठू नका.